वेगावरून मात्रा : प्रस्तावना

कंधार तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या राशी होतात आणि माल अहमदपूरच्या, लातूरच्या नाहीतर नांदेडच्या मोंढ्यात जातो. मोंढ्यात ओलावा पाहतात, मातेरे पाहतात, भाव ठरतो, पट्टी हातात पडते आणि शेतकऱ्याचा त्या दाण्याशी असलेला संबंध तिथेच संपतो. दाण्याची खरी परीक्षा त्यानंतर होते. तेल काढून उरलेली पेंड, व्यापारात जिला सगळे डीओसी म्हणतात, कोंबडीखाद्यात घालण्याइतकी नीट शेकली गेली आहे का, हे कारखान्याच्या प्रयोगशाळेत एका एन्झाइमवरून पारखतात. त्याचे नाव युरिएज. पेंडीत ते जास्त शिल्लक राहिले तर माल कच्चा ठरतो.

हे युरिएज मोजायचे कसे? पेंडीत ते फार थोडे असते आणि इतर प्रथिनांच्या गर्दीत मिसळलेले असते. वेगळे काढून तोलायला बसलो तर काही दिवस लागतील आणि हाती काय उरेल याची खात्री नाही. म्हणून त्याला काम द्यायचे. पुढ्यात युरिया ठेवायचा, तो किती वेगाने फुटतो ते बघायचे आणि त्या वेगावरून एन्झाइमची मात्रा काढायची. पुढच्या पानांत हा एकच हिशेब आहे, वेगवेगळ्या कपड्यांत पुन्हा पुन्हा आलेला.

पुस्तिका लिहिताना डोळ्यांसमोर दोन प्रकारचे वाचक होते. एक, बी.एस्सी.ला जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेतलेली कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या भागातली मुले-मुली. दुसरे, डीएमएलटी करून तालुक्याच्या ठिकाणी रक्त-लघवीच्या तपासण्या करणारे तरुण. दोघांनाही सूत्र पाठ असते. मायकेलिस-मेंटेन समीकरण फळ्यावर लिहायला सांगितले तर न अडखळता लिहितात. पण हाती आलेला वेग एन्झाइमबद्दल बोलतो आहे की दुसऱ्याच कशाबद्दल, असे विचारले की वर्ग गप्प होतो. ही शांतता मुलांच्या आळसाची नाही. आपल्याकडे सूत्र शिकवतात, सूत्राच्या अटी तळटीपेत जातात, आणि तळटीप परीक्षेत येत नाही. मला मात्र या विषयात अटीच मुख्य वाटतात, सूत्र त्यांच्या मागून येते.

आधी मूळ कल्पना पाहू, आणि ती मोंढ्यातूनच घेऊ. समजा गोदामात किती हमाल कामावर आहेत हे बाहेरून दिसत नाही. दिसते ते एवढेच, की तासाला किती पोती ट्रकमध्ये चढली. एक हमाल तासाला किती पोती उचलतो हे ठाऊक असेल तर भागाकार करून हमालांची संख्या निघेल. पण कधी? आत पोत्यांची थप्पी भरपूर असेल आणि कुणालाही रिकाम्या हाताने थांबावे लागत नसेल तेव्हाच. थप्पी संपत आली की वेग कमी होतो, आणि तो कमी झालेला वेग हमालांची संख्या सांगत नाही, उरलेली पोती सांगतो. एन्झाइमचे नेमके तसेच आहे. एका सक्रिय केंद्राने सेकंदाला जास्तीत जास्त किती रेणू उरकायचे, हा आकडा म्हणजे केकॅट. एन्झाइमची मात्रा गुणिले केकॅट म्हणजे कमाल वेग, व्हीमॅक्स. आणि थप्पी पुरेशी आहे की नाही हे ज्यावरून ठरते तो आकडा केएम.

केएमइतकाच सब्स्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ, दिला तर वेग कमाल वेगाच्या बरोबर निम्मा असतो. दहापट दिला तर ९१ टक्के, वीसपट दिला तर ९५ टक्के, शंभरपट दिला तर ९९ टक्के. म्हणून एन्झाइम मोजायचे असेल तेव्हा सब्स्ट्रेट सढळ हाताने घालतात. मग त्याच्या मात्रेत थोडे इकडे-तिकडे झाले तरी वेग जवळपास हलत नाही; जो हलतो तो एन्झाइममुळे. उलट रक्तातली साखर किंवा युरिया मोजायचा असेल तर एन्झाइमांना उलट्या बाजूने कामाला लावतात, तिथे एन्झाइम सढळ आणि मोजायचा पदार्थ तुटपुंजा. समीकरण एकच असते, पण कोणती बाजू सढळ ठेवली यावर आपण काय मोजले ते ठरते.

हे समीकरण जन्मले साखरेतून, आणि मराठवाड्यातल्या वाचकाला ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९१३मध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून बर्लिनला आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांनी इन्व्हर्टेज या एन्झाइमवरचा आपला निबंध छापला. इन्व्हर्टेज साखर फोडते आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज बनवते. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते, विशिष्ट वलन अधिक ६६.५ अंश. फुटल्यावरचे मिश्रण तो डावीकडे वळवते, साधारण उणे २० अंश, कारण फ्रुक्टोजची डावी ओढ ग्लुकोजच्या उजव्या ओढीपेक्षा जोरदार आहे. पोलॅरिमीटरमधून ही घसरण पाहत पाहत त्यांनी वेग मोजला. आपल्याकडच्या प्रत्येक साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा पोल काढतात तो याच तत्त्वाच्या उपकरणावर. तोडलेला ऊस फडात किंवा गव्हाणीसमोर पडून राहिला की उतारा घटतो, त्यामागच्या कारणांत उसातले इन्व्हर्टेजही आहे. वाळत्या उसात ते साखर फोडत राहते, पोलचा आकडा खाली येतो. ज्याने पोल घसरताना पाहिला आहे त्याने मायकेलिस आणि मेंटेन यांचा प्रयोग अर्धा पाहिलाच आहे.

त्यांच्या आधी, १९०३मध्ये, व्हिक्टर आंरी यांनी जवळपास हेच समीकरण मांडले होते. मग नाव मायकेलिस-मेंटेन यांचे का राहिले? माझ्या मते त्याचे श्रेय त्यांच्या प्रयोगशिस्तीला आहे. त्यांनी बफर वापरून आम्लता स्थिर ठेवली. पीएच ही मोजपट्टीच मुळात १९०९ची, सोरेन्सेन यांची. ताजे सुटलेले ग्लुकोज पाण्यात काही वेळ आपले वलन बदलत राहते, त्याने वाचन फसू नये म्हणून त्यांनी नमुन्यात अल्कली घालून क्रिया थांबवली आणि ते बदलणेही पुरे होऊ दिले. आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्यांनी सुरुवातीचा वेग घेतला. क्रिया पुढे गेली की सब्स्ट्रेट घटतो, तयार झालेला माल एन्झाइमच्या आड येतो, कधी एन्झाइम स्वतःच मरू लागते. पहिल्या काही क्षणांत यातले काहीच झालेले नसते. त्या वेळी नळीत काय काय आहे हे आपल्याला नक्की माहीत असते, कारण ते आपणच घातलेले असते.

पुढे १९२५मध्ये ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी समीकरणाला अधिक भक्कम पाया दिला आणि एन्झाइम सब्स्ट्रेटच्या मानाने अगदी थोडे असले पाहिजे ही अट ठळक केली. हे हॉल्डेन म्हणजे १९५७मध्ये भारतात येऊन राहिलेले, इथले नागरिकत्व घेतलेले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारलेले जे.बी.एस. हॉल्डेन. १९२६मध्ये जेम्स सम्नर यांनी युरिएजचेच स्फटिक मिळवले. स्फटिकरूपात हाती आलेले ते पहिले एन्झाइम, आणि ते आले आपल्या अबईच्या कुळातल्या जॅकबीनच्या दाण्यातून. एन्झाइम हे प्रथिन असते यावर त्यानंतरही बरीच वर्षे वाद झाला; सम्नर यांना नोबेल मिळाले ते १९४६मध्ये.

आता पुन्हा पेंडीकडे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात. ती खाल्लेल्या कोंबडीला प्रथिन नीट पचत नाही, स्वादुपिंड सुजते, वाढ खुंटते. वाफेवर शेकल्याने ही प्रथिने निकामी होतात, पण त्यांना मोजण्याची तपासणी वेळखाऊ आहे. युरिएज साधारण तेवढ्याच शेकण्यात मरते आणि त्याची तपासणी सोपी आहे, म्हणून साक्षीदार म्हणून त्याला उभे करतात. सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत ०.२ ग्रॅम पेंड युरिया घातलेल्या, पीएच ७ असलेल्या १० मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये ३० अंश सेल्सियसवर ३० मिनिटे ठेवतात. युरियातून अमोनिया सुटतो, पीएच चढतो. चढ साधारण ०.०५ ते ०.२० या पट्ट्यात असला की पेंड नीट शेकली असे समजतात.

खाद्याची गाडी पास करायला हे पुरते, आणि अनेक वर्षे ते उत्तम चालले आहे. पण या आकड्याला कुणी एन्झाइमची मात्रा म्हणू लागला तर त्याला थांबवावे लागेल. कच्च्या दाण्याच्या पिठात हाच चढ दोनच्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो आणि मग अडतो. सुटलेला अमोनिया स्वतःच बफर होतो, त्यामुळे पीएच नऊच्या पलीकडे सहजी सरकत नाही; शिवाय चढत्या पीएचमध्ये युरिएजचे कामही बदलत जाते. एका पिठात दुसऱ्याच्या दुप्पट युरिएज असले तरी अर्ध्या तासाने दोघांचे पीएच जवळजवळ सारखेच दिसू शकतात. म्हणून युरोपात दुसरी पद्धत आहे, जिच्यात एक ग्रॅम पेंड मिनिटाला किती मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन सोडते ते मोजतात. तो आकडा म्हणजे खरा वेग. खालच्या टोकालाही एक मर्यादा आहे. युरिएज पूर्ण मेले की चढ शून्य, आणि त्यानंतर पेंड करपवली तरी तो शून्यच. जास्त शेकल्याने लायसिनची नासाडी झाली का, हे युरिएज सांगू शकत नाही. त्यासाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये किती प्रथिन विरघळते ते पाहावे लागते.

या सगळ्यातून मी एक कसोटी काढली आहे, आणि पुस्तिकेतल्या प्रत्येक प्रयोगाला ती लावली आहे. एन्झाइम निम्मे करा. वेग निम्मा झाला पाहिजे. पाव करा, पाव झाला पाहिजे. झाला, तर तुमचा वेग एन्झाइमबद्दल बोलतो आहे. नाही झाला, तर आकडेमोड कितीही बिनचूक असली तरी उत्तर एन्झाइमचे नाही.

पहिल्याच प्रयोगात हे हाताने करून पाहायचे आहे. पाच ग्रॅम कच्च्या सोयाबीनचे पीठ शंभर मिलिलिटर पाण्यात ढवळून पातळ फडक्यातून गाळून घ्या. एका नळीसाठी हा अर्क तसाच, दुसरीसाठी निम्मा पाण्याने पातळ, तिसरीसाठी पाव. तिन्ही नळ्यांत सारखेच सौम्य बफर, सारखाच युरिया आणि फिनॉल रेडचे काही थेंब. युरिया खताच्या गोणीतला घेऊ नये. २०१५पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला आहे आणि ते तेल द्रावणात उतरते. प्रयोगशाळेचा शुद्ध युरिया घ्या. अर्क पडला की घड्याळ सुरू. पिवळा रंग आधी नारिंगी होतो, कडेकडेने लालसर होतो आणि मग एकदम गुलाबी. तिन्ही नळ्यांत गुलाबी छटा जुळली की वेळ लिहा. पहिलीला दीड मिनिट लागले तर दुसरीला तीन आणि तिसरीला सहा मिनिटांच्या जवळपास लागायला हवीत. चौथ्या नळीत उकळलेला अर्क घाला. ती पिवळीच राहील.

इथे लक्ष देण्यासारखी एक गोष्ट आहे. पेंडीच्या तपासणीत वेळ ठरवून पीएच मोजला होता, इथे पीएच ठरवून वेळ मोजला. एवढ्या बदलाने हिशेब सरळ झाला. प्रत्येक नळी त्याच पीएचच्या वाटेने चालली, फक्त कुणी भरभर, कुणी सावकाश. त्यामुळे एन्झाइमची मात्रा गुणिले वेळ हा गुणाकार तिन्ही नळ्यांत सारखाच येतो. १९६५मध्ये सेल्विन यांनी याच गुणाकारावर आपली प्रसिद्ध चाचणी बसवली: वेगवेगळ्या मात्रांचे आलेख या गुणाकाराच्या अक्षावर एकमेकांवर नीट बसले नाहीत, तर एन्झाइम प्रयोग चालू असतानाच निकामी होते आहे असे समजावे. वरच्या प्रयोगात तिसऱ्या, पाव अर्काच्या नळीला सहाऐवजी नऊ मिनिटे लागली तर तीच शंका आधी घ्यावी.

दुसरा मोठा विषय एसजीपीटीचा, आणि तो मी मुद्दाम लांबवला आहे. पावसाळ्यात पाणी बिघडले की आपल्याकडे कावीळ येते. कंधारच्या माणसाला लिव्हरच्या तपासण्या सांगितल्या जातात, त्यांत एसजीपीटी हमखास असते. यकृताच्या पेशी फुटल्या की हे एन्झाइम रक्तात सांडते, आणि रक्तातली त्याची मात्रा पुन्हा वेगावरूनच काढतात. सीरममधले एसजीपीटी अलानाइनपासून पायरुव्हेट बनवते. किटमध्ये घातलेले दुसरे एन्झाइम, एलडीएच, त्या पायरुव्हेटचे लगेच लॅक्टेट करते आणि ते करताना एनएडीएच खर्च होतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, त्यामुळे शोषण दर मिनिटाला किती उतरते ते फोटोमीटर दाखवतो. आर्थर कार्मेन यांनी १९५५मध्ये एसजीओटी या दुसऱ्या एन्झाइमसाठी बसवलेली जोडक्रियेची ही युक्ती अजून जगभर चालते.

मशीन शोषणातल्या उताराला १७६८ने गुणते आणि उत्तर छापते. हा आकडा आला कुठून, हे तपासणी करणाऱ्याला माहीत असलेच पाहिजे. एक मिलिमोलर एनएडीएच एक सेंटिमीटर जाडीच्या नळीत ६.२२ इतके शोषण देतो. शोषणातला उतार ६.२२ने भागला की नळीत दर मिनिटाला किती मिलिमोलर एनएडीएच गेला ते कळते. हजारने गुणले की मायक्रोमोलर. १०० मायक्रोलिटर सीरम आणि १००० मायक्रोलिटर रीएजंट मिळून ११००, म्हणजे सीरम ११ पट पातळ झाले. १००० गुणिले ११ भागिले ६.२२ म्हणजे १७६८. ६.२२च्या जागी ६.३ धरले तर १७४६ येतो, म्हणून काही किटवर तो छापलेला दिसतो; फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, घाबरण्यासारखा नाही. घाबरण्यासारखे दुसरे आहे. रक्त कमी निघाले म्हणून १००ऐवजी ५० मायक्रोलिटर सीरम घातले आणि रीएजंट तेवढेच ठेवले, तर पातळपणा २१ पट होतो आणि गुणक ३३७६. मशीनला हे कळत नाही. ते १७६८नेच गुणत राहते आणि आजारी यकृत जवळपास निम्मे बरे करून दाखवते.

शोषण मिनिटाला ०.०२५ने उतरले तर उत्तर ४४ युनिट प्रति लिटर. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल. ही व्याख्या १९६१पासूनची.

आता खऱ्या काविळीचा रुग्ण घ्या. समजा त्याचे एसजीपीटी ३००० युनिट आहे. नळीत ११ पट पातळ होऊन ते २७३ युनिट, म्हणजे मिनिटाला ०.२७३ मिलिमोलर एनएडीएच जाणार. किटमध्ये एनएडीएच ०.१८ मिलिमोलर धरला तर तो चाळीस सेकंदांत संपला. मशीन मात्र सुरुवातीचे एक मिनिट सोडून मग वाचन घेते, कारण जोडक्रिया स्थिरावायला तेवढा वेळ द्यावा लागतो. वाचन सुरू होईपर्यंत नळीत खर्च व्हायला काही उरलेलेच नसते. उतार जवळजवळ शून्य, आणि रिपोर्टवर एसजीपीटी नॉर्मल. डोळे पिवळेधमक झालेल्या माणसाच्या हातात नॉर्मल रिपोर्ट! आकडेमोड बरोबर, मशीन बरोबर, किट बरोबर, आणि उत्तर माणसाच्या जिवावर बेतेल इतके चूक.

नवी मशिने सुरुवातीचे शोषणच फार कमी असल्याची खूण छापतात, पण ती खूण वाचणारा माणूस लागतो. उपाय तोच, पातळ करा. सीरम सलाइनमध्ये दहा पट पातळ करून पुन्हा चालवा आणि उत्तर दहाने गुणा. पहिल्या वेळी २० आले आणि आता ३००० आले, तर कोणते खरे हे विचारायची गरज उरत नाही. रुग्णाकडे एकदा पाहून त्याचे डोळे, त्याची लघवी आणि हातातला आकडा यांचा मेळ बसतो का हे बघणे, हाही तपासणीचाच भाग आहे. तालुक्याच्या लॅबमध्ये तपासणारा आणि रुग्ण समोरासमोर असतात; मोठ्या शहरातल्या स्वयंचलित लॅबला ही सोय नाही.

निम्मे करण्याच्या कसोटीला स्वतःच्या मर्यादा आहेत, आणि त्या लपवल्या तर मीही अटी तळटीपेत घातल्यासारखे होईल. पहिली मर्यादा तापमानाची. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो असे ढोबळमानाने धरले तर पाच अंशांच्या फरकाने तो सुमारे चाळीस टक्क्यांनी बदलतो. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा ४२च्या पुढे जातो. साधा वॉटर बाथ पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच ४१ अंशांवर असेल तर ३७वर लावलेला बाथ ४१वरच राहणार, त्याची डायल काहीही दाखवो. अशा नळीत एन्झाइम निम्मे केले तरी वेग निम्माच होईल, कसोटी पास होईल आणि प्रत्येक आकडा मात्र चढा येईल. युरोपातल्या जुन्या पद्धती २५ आणि ३० अंशांवरच्या होत्या, आता बहुतेक ठिकाणी ३७ ठरले आहे; कंधारच्या उन्हाळ्याला ३७देखील बर्फाशिवाय किंवा थंड करणाऱ्या यंत्राशिवाय सांभाळता येत नाही. थर्मामीटर नळीत बुडवून वाचावा, डायलवर विसंबू नये.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. वेगावरून आपल्याला काम करणारे एन्झाइम कळते. मेलेले, अर्धवट उलगडलेले, अवरोधकाने जखडलेले रेणू या मोजणीत येतच नाहीत. म्हणून युनिट प्रति लिटर याला नुसती मात्रा न म्हणता क्रियाशीलता म्हणतात, आणि तिथून रेणूंच्या संख्येकडे जायचे तर केकॅट लागतो. उदाहरण एलडीएचचे घेऊ. पाठ्यपुस्तकांत त्याचा केकॅट सेकंदाला सुमारे १००० असा देतात. लिटरमध्ये १०० युनिट आहेत म्हणजे सेकंदाला १.६७ मायक्रोमोल, १०००ने भागले की १.६७ नॅनोमोलर. पण ही सक्रिय केंद्रांची मात्रा झाली. एलडीएचच्या एका रेणूत अशी चार केंद्रे असतात, तेव्हा रेणूंची मात्रा ०.४२ नॅनोमोलर. रेणुभार १,४०,००० धरला तर लिटरमध्ये अवघे ५८ मायक्रोग्रॅम. त्याच लिटरभर सीरममध्ये एकंदर प्रथिने ७० ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे एलडीएच दहा-बारा लाखांत एक भाग. एवढ्या गर्दीतला एवढा बारीक भाग एका फोटोमीटरवर तीन मिनिटांत मोजता येतो, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आणि सब्स्ट्रेट सढळ घालणे शक्यच नसेल तर? काही सब्स्ट्रेट महाग असतात, काही पाण्यात विरघळत नाहीत, काही जास्त झाले की एन्झाइमलाच अडवतात. अशा वेळी केएम आधी काढावा लागतो. मोजलेला वेग गुणिले केएम आणि सब्स्ट्रेटची बेरीज, भागिले केकॅट गुणिले सब्स्ट्रेट, असा हिशेब मांडला की एन्झाइमची मात्रा निघते. मात्र इथे सब्स्ट्रेटच्या मात्रेतली प्रत्येक चूक उत्तरात उतरते, आणि सब्स्ट्रेट जितका कमी तितकी पुरेपूर. तिसऱ्या प्रकरणातली बहुतेक गणिते याच प्रकारची आहेत. लाइनवीव्हर-बर्क आलेखाला मी कमी जागा दिली आहे. १९३४मध्ये तो सोयीचा होता, पण उलट्या आकड्यांत सगळ्यात कच्ची वाचने सगळ्यात जास्त जोर धरतात, आणि आता साध्या मोबाइलवरही मूळ वक्र बसवता येतो. दुधाचे पाश्चरीकरण तपासणारे अल्कलाइन फॉस्फटेज आणि लाळेतले अमायलेज यांचे प्रयोग चौथ्या प्रकरणात थोडक्यात दिले आहेत, कारण वरचे दोन नीट झाले की ते आपोआप समजतात.

शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीत नुसत्या उत्तराला गुण देऊ नयेत. उत्तराशेजारी नळीतले तापमान, सीरम आणि रीएजंटचे माप, किती मिनिटांचे वाचन घेतले, आणि पातळ करून पुन्हा पाहिले की नाही, या चार गोष्टी लिहिलेल्या असतील तरच गुण द्यावेत. ज्या कॉलेजात चालू फोटोमीटर नाही तिथल्या मुलांनी थांबून राहू नये. पहिल्या प्रकरणाला परीक्षानळ्या, सौम्य बफर, शुद्ध युरिया, फिनॉल रेड, घड्याळ आणि घरच्या राशीतले मूठभर सोयाबीन एवढेच लागते.